पान पिवळं पडलं की आधी मुळाशी जा : कोकणातल्या परसबागेची दुखणी ओळखताना

मुंबई सोडून मालवण तालुक्यातल्या सासरच्या घरी कायमची राहायला आले, त्या वर्षी ऑक्टोबरात मी टोमॅटोची २२ रोपं लावली. महिन्याभरात ती कमरेएवढी झाली, कळ्या धरल्या, आणि एका दुपारी दोन रोपांनी माना टाकल्या. मी पाणी घातलं. संध्याकाळी ती जरा सावरली, दुसऱ्या दुपारी पुन्हा मान खाली, या वेळी पाच रोपांची. मी आणखी पाणी घातलं, थोडा युरिया टाकला, दुकानातून एक बाटली आणून फवारली. दहा दिवसांत बावीसच्या बावीस गेली. शेजारच्या काकी गडग्यापलीकडून हे सगळं बघत होत्या. शेवटी त्यांना राहवलं नाही. "गो बाय, पानां काय बघतंस? मुळां बघ."

आज दहा वर्षांनी कुणी नवीन माणूस फोनवर पिवळ्या पानाचा फोटो पाठवून "कुठलं औषध मारू?" असं विचारतं, तेव्हा मी काकींचंच वाक्य पुढे पाठवते. आपल्याकडे वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. उरलेले आठ महिने विहिरीच्या भरवशावर. म्हणजे चार महिने मुळं गुदमरतात आणि मार्च-एप्रिलात तीच मुळं तहानेनं किंवा खाऱ्या पाण्यानं भाजतात. परसातल्या बहुतेक दुखण्यांचा उगम इथे आहे. कीड आणि बुरशी बऱ्याचदा नंतर येते, आधीच अशक्त झालेल्या झाडावर. म्हणून खाली जो क्रम दिलाय तो मोडू नका. फवारणी त्यात मुद्दामच शेवटी आहे.

पायरी पहिली : दोन दिवस हात मागे, डोळे पुढे

झाड आजारी दिसलं की लगेच काहीतरी करावंसं वाटतं. दोन दिवस थांबा, पण त्या दोन दिवसांत नीट बघा. एकच झाड बिघडलंय की ओळीतली सगळी? एकच असेल तर बहुधा कीड, रोग किंवा घुशीनं पोखरलेलं मूळ. सगळी एकदम बिघडली असतील तर माती, पाणी किंवा आपणच घातलेलं काहीतरी. बिघाड जुन्या खालच्या पानांपासून सुरू झालाय की कोवळ्या शेंड्यापासून? पान उलटून बघा, कारण किडी पानाच्या खालच्या बाजूला राहतात. आणि रात्री नऊनंतर बॅटरी घेऊन एक फेरी मारा. पाने कुरतडलेली दिसतात पण दिवसा काहीच सापडत नाही, असं असेल तर गुन्हेगार रात्री भेटतो : गोगलगाय, अळी किंवा भुंगेरा.

एक वही ठेवा. तारीख, कुठलं झाड, काय दिसलं, त्या आठवड्यात पाऊस किती होता. दुसऱ्या वर्षी ही वही पुस्तकांपेक्षा जास्त उपयोगी पडते, कारण ती तुमच्याच परसाची असते.

पायरी दुसरी : खणा, आणि पाणी कुठे जातं ते शोधा

आजारी झाडापासून वीतभर अंतरावर खुरप्यानं माती बाजूला करा आणि एखादं बारीक मूळ बाहेर काढा. पांढरं, टणक मूळ म्हणजे निरोगी. तपकिरी, लिबलिबीत, साल बोटानं सहज निघून येणारं, आंबूस वास मारणारं मूळ म्हणजे ते कुजलंय. कुजलेल्या मुळाच्या झाडाची पानं कोमेजतात, आणि आपल्याला वाटतं तहान लागली. नेमकं तिथेच आपण त्याला आणखी बुडवतो.

निचरा तपासायला एक सोपी रीत आहे. फूटभर खोल खड्डा खणा, पाण्यानं भरा, जिरू द्या. पुन्हा भरा आणि काठीनं मोजा. दुसऱ्या वेळी तासाभरात पाणी इंचभरही खाली गेलं नाही, तर तिथे भाजी लावायची ती जमिनीत नाही, उंच गादीवाफ्यावर.

जांभ्याच्या जमिनीत एक फसवणूक होते, ती नव्या माणसाला कुणी सांगत नाही. वर वीतभर माती, खाली कातळ. आपण कातळात दोन-तीन फुटांचा खड्डा फोडतो, त्यात छान माती आणि शेणखत भरतो आणि कलम लावतो. पहिल्या पावसात तो खड्डा दगडी टाकी होतो. पाणी बाहेर जायला वाट नसते, आणि कलम श्रावणापर्यंत मरतं. कातळात खड्डा मारायचाच असेल तर उताराच्या बाजूनं तळापासून चर काढून पाण्याला वाट द्या, आणि माती आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच भरा. पावसाळ्यात झाडाभोवती आळं नको, उंचवटा हवा. आळं करायचं दिवाळीनंतर. मृगाआधी आळी मोडून मातीची भर देणं हे आमच्याकडचं मे महिन्यातलं पहिलं काम.

पागोळ्यांकडेही बघा. कौलांवरून पडणारी धार ज्या रेषेत पडते तिथली माती चार महिने ठोकली जाते. तिथे मिरची, वांगी टिकत नाहीत. अळू, कर्दळ किंवा केळ लावा. न्हाणीच्या पाण्यावरही हीच मंडळी सुखी राहतात.

किनाऱ्यालगत आणि खाडीकाठी आणखी एक प्रश्न येतो : एप्रिल-मे महिन्यात विहिरीचं पाणी मचूळ होतं. पंपानं जास्त उपसा केला की खारं पाणी आत सरकतं. खुणा अशा : पानांच्या कडा टोकापासून तपकिरी होऊन सुकतात, कुंडीच्या काठावर पांढरी पुटं बसतात, पाणी घालूनही झाड कोमेजलेलं राहतं. जिभेला मचूळपणा कळतोच, पण पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा स्वस्तातला टीडीएस मीटर घेऊन दर पंधरवड्यानं आकडा वहीत लिहिलात तर पाणी बिघडायला लागलेलं आधी कळतं. उपाय काय? उपसा थोडा-थोडा करा, एकदम नाही. दिवसातून दोनदा शिंपडण्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी मुळाशी भरपूर द्या, म्हणजे क्षार खाली धुतले जातात. खारं पाणी पानांवर पडू देऊ नका. आच्छादन जाड करा. माड हे पाणी सोसतो, पालक आणि बीटही बऱ्यापैकी सोसतात. फरसबी अजिबात सोसत नाही, त्यामुळे मार्चनंतर ती लावण्यात अर्थ नाही.

वादळाचा खारा वारा हे याचंच दुसरं रूप. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्यालगतून गेलं तेव्हा आमच्या परसातल्या शेवग्याची आणि पपईची समुद्राकडची पानं भाजल्यासारखी झाली, जमिनीकडची हिरवी होती. लोक त्याला रोग समजून औषध मारत होते. वादळ ओसरलं की शक्य तितक्या लवकर झाडं गोड्या पाण्यानं धुऊन काढायची, एवढंच करायचं असतं. नवी पालवी आपोआप येते.

पायरी तिसरी : पानाचा पिवळेपणा वाचायला शिका

आपली जांभी माती आम्लधर्मी आहे. इतक्या पावसात नत्र (नायट्रोजन), पालाश (पोटॅश), चुना आणि मॅग्नेशियम धुऊन जातात, आणि लोह-ॲल्युमिनियम स्फुरदाला (फॉस्फरसला) धरून ठेवतात, तो झाडाला मिळत नाही. त्यामुळे घाटावरच्या लेखातले सल्ले इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

जुनी, खालची पानं सबंध फिकट-पिवळी होत असतील आणि झाड खुरटलं असेल तर नत्राची कमतरता. जुलै-ऑगस्टात हे सर्रास दिसतं. एकदम मूठभर युरिया घालू नका, पुढच्या सरीत तो गटारात जाईल. चमचा-चमचा, आठ-दहा दिवसांच्या अंतरानं, उघडीप बघून. त्यापेक्षा चांगलं म्हणजे गिरीपुष्पाचा (ग्लिरिसिडियाचा) कोवळा पाला कापून झाडाच्या बुंध्याभोवती पसरा. कुंपणाला गिरीपुष्प लावून ठेवलंत की खताचा निम्मा प्रश्न सुटतो.

जुन्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियम कमी. पानाच्या कडाच करपत असतील तर पालाश कमी किंवा पाणी खारं, म्हणून आधी पाण्याचा आकडा बघा. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर पुस्तकात लोहाची कमतरता लिहिलेली असते. आपल्या लाल मातीत लोह भरपूर आहे, तेव्हा इथे दोन शक्यता जास्त : मुळं पाण्यात गुदमरली आहेत, किंवा कुणीतरी चुना-राख सढळ हातानं घातली आहे. चुलीतली राख चांगली, पण महिन्याला झाडामागे एक मूठ पुरे. चुना तर माती तपासल्याशिवाय घालूच नका.

माती तपासणं अवघड नाही. परसात पाच-सहा ठिकाणी वीतभर खोल इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा खड्डा करून त्याच्या बाजूची माती खरवडून घ्या, एकत्र करा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्या, उरलेलं पुन्हा मिसळा, असं करत अर्धा किलो ठेवा. सावलीत वाळवून कापडी पिशवीत घाला. नुकतंच खत घातलेली किंवा उकिरड्याजवळची जागा टाळा. सिंधुदुर्गात किर्लोसचं कृषी विज्ञान केंद्र, रत्नागिरी जिल्ह्यात दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ, किंवा तुमच्या तालुक्याचं कृषी कार्यालय, इथे पुढची वाट कळते.

पायरी चौथी : झाड हिरवंच असताना कोसळलं तर

आता माझ्या त्या बावीस टोमॅटोंकडे येते. या रोगानं कोकणात नव्या माणसाचा जितका उत्साह मोडला असेल तितका दुसऱ्या कशानंही नाही, म्हणून यावर जरा थांबते.

पानं पिवळी न होता, हिरवी असतानाच रोप भर दुपारी कोमेजतं, रात्री सावरतं, दोन-चार दिवसांत कायमचं लोळतं. टोमॅटो, वांगी, मिरची आणि आलं यांना हे होतं. याला जिवाणूजन्य मर म्हणतात. ओलसर, उबदार, आम्लधर्मी माती या जिवाणूला मानवते, म्हणजे नेमकी आपली. खात्री करायची रीत मला एका कृषी सहायकांनी दाखवली. मेलेल्या रोपाचं बुंध्याजवळचं बोटभर लांबीचं खोड धारदार सुरीनं कापा. काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी घ्या, खोडाचं कापलेलं टोक पाण्यात बुडेल असं स्थिर धरा. दोन-पाच मिनिटांत त्या टोकातून दुधासारखे पांढरट धागे पाण्यात उतरायला लागले तर मर जिवाणूचीच आहे. धागे नाहीत आणि खोडाच्या आत तपकिरी रेषा दिसतात, तर बुरशीची शक्यता जास्त. बुंधाच कुरतडलेला असेल तर वाळवी, हुमणी किंवा घूस.

मी ते धागे पहिल्यांदा पाहिले तेव्हा कळलं, की मी दहा दिवस रोज घातलेलं पाणी तोच रोग ओळीतून पुढे नेत होतं.

मर झालेलं रोप बरं होत नाही. ते भोवतालच्या मातीसकट उपटा आणि जाळा, खतखड्ड्यात टाकू नका. खुरपं धुवा. त्या वाफ्याचं पाणी दुसऱ्या वाफ्यात जाऊ देऊ नका. जिवाणू मातीत वर्षानुवर्षं राहतो, तेव्हा तिथे निदान तीन वर्षं टोमॅटो-वांगी-मिरची-आलं नको. मका, माठ, वाल, भेंडी लावा. टोमॅटो हवाच असेल तर तीन वाटा आहेत. एक, नवीन माती भरलेल्या गोणीत लावा, गोणी चिऱ्यांवर ठेवा, जमिनीला टेकू देऊ नका. दोन, बंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेनं काढलेला 'अर्का रक्षक' टोमॅटो, वांग्यात 'अर्का निधी' किंवा 'अर्का केशव', हे वाण या मरीला तोंड देतात. तीन, रानवांग्याच्या खुंटावर बांधलेली कलमी रोपं. मी आता पहिल्या दोन वाटांनी जाते आणि घरापुरते टोमॅटो निघतात.

वाफ्यातली एवढीशी रोपं बुंध्याशी बारीक होऊन आडवी पडतात, ते दुखणं वेगळं. दाट पेरणी आणि जास्त ओल हे त्याचं कारण. बी विरळ पेरा, वाफा उंच करा, आणि पेरणीआधी शेणखतात ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशी मिसळा, किलोभर खताला दहा ग्रॅम.

पायरी पाचवी : कीड ओळखा, मग हात उचला

मिरचीचा बोकड्या, म्हणजे पानं आक्रसून वळणं, सगळ्यांना ठाऊक असतो, पण त्यात दोन वेगळ्या किडी एकाच नावाखाली जातात. पान होडीसारखं वर वळलं असेल तर फुलकिडे. होडी उपडी केल्यासारखं खाली वळलं असेल आणि देठ लांबट झाला असेल तर कोळी (जाळं विणणारा नव्हे, डोळ्यांना जेमतेम दिसणारी कीड, माइट). फुलकिड्यांना निळे चिकट सापळे आणि निंबोळी तेल : लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर तेल, आधी थोड्या साबणाच्या पाण्यात घोळवून. कोळ्यांना पाण्यात विरघळणारं गंधक, लिटरला दोन ग्रॅम, तेही सकाळी किंवा संध्याकाळी. कडक उन्हात गंधकानं पानं भाजतात. निंबोळी तेल आणि गंधक एकाच आठवड्यात एकापाठोपाठ वापरू नका. शेंडा गोळा झालेला, पानं आखूड आणि चितकबरी असतील तर तो विषाणू. त्याला औषध नाही, झाड काढा. भेंडीच्या हळद्याचंही तसंच : शिरा पिवळ्या जाळीसारख्या दिसल्या की पहिल्याच दिवशी उपटा, पांढरी माशी तो रोग शेजारच्या झाडावर नेण्याआधी. पुढच्या वेळी भेंडीचं 'अर्का अनामिका' किंवा 'परभणी क्रांती' हे वाण लावा.

वांग्याचा शेंडा सुकून वाकला तर तो इंचभर खाली कापा, आत गुलाबीसर अळी सापडेल. रोज सकाळी शेंडे खुडायचे आणि चिरडायचे, घरच्या पाच-दहा झाडांना एवढं पुरतं. सांगायला सोपं आहे, पण सलग पंधरा दिवस करावं लागतं.

पडवळ, दोडका, कारली, काकडी यांची कोवळी फळं एका जागी वाकतात, पिवळी पडतात, चिरली की आत वळवळ. ही फळमाशी. इथे एक चूक मी बऱ्याच घरी पाहिली आहे : आंब्याला लावतात तो सापळा मांडवाला टांगलेला असतो. आंबा, पेरू, चिकू यांच्या माशीला मिथिल युजेनॉलचा गंध लागतो. वेलभाज्यांच्या माशीला क्यू ल्यूर. दुकानात नाव वाचून घ्या. सापळ्यात फक्त नर पडतात, म्हणून तेवढ्यावर भागत नाही. गळलेली फळं रोज उचलून प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून उन्हात ठेवा किंवा दोन फूट खोल पुरा. आणि जी फळं तुम्हाला नक्की हवीत त्यांना बोटाएवढी असतानाच कागदाची पिशवी घाला. पावसात कागद टिकत नाही, तेव्हा जुन्या धोतराचा किंवा मलमलीचा तुकडा शिवून ठेवा.

गोगलगायी मृगाच्या पहिल्या सरींबरोबर वर येतात. आफ्रिकन गोगलगाय एका रात्रीत झेंडूचा अख्खा वाफा संपवते. चुना किंवा राखेची रेघ मारा असं सगळे सांगतात, पण ती कोरड्या हवेत चालते. आपल्या पावसात तासाभरात धुऊन जाते. खरा उपाय हातांनी वेचणं. संध्याकाळी ओली गोणपाटं वाफ्यांमध्ये पसरा, खाली पपईचा पाला घाला. पहाटे गोणपाट उचललं की त्या खाली जमलेल्या असतात. हातमोजे घालून वेचा, मिठाच्या दाट पाण्याच्या बादलीत टाका, आणि ते पाणी बागेत ओतू नका. चिऱ्यांच्या फटीत, पातेऱ्याखाली (गळलेल्या पाल्याखाली) भिजलेल्या साबुदाण्यासारखे पिवळट-पांढरे दाणे सापडले तर ती अंडी, चिरडून टाका. गोगलगायी मारायला मिळणाऱ्या मेटाल्डिहाईडच्या गोळ्या कुत्र्या-मांजरांना घातक आहेत, म्हणून घरात जनावर असेल तर नकोच. गोगलगायी फिरतात त्या वाफ्यातली पालेभाजी नीट धुऊन, शिजवूनच खा.

फुलं येतात आणि फळ धरत नाही, ही कीड नव्हेच. वेलीवर आधी दहा-पंधरा दिवस नुसती नर फुलं येतात, ते स्वाभाविक आहे. मादी फुलाच्या मागे इवलंसं फळ असतं. ते पिवळं होऊन गळत असेल तर परागीभवन झालेलं नाही : पावसात मधमाश्या बाहेर पडत नाहीत, पराग भिजतात. हातानं करा. नर फूल तोडून पाकळ्या मागे वळवा आणि मधला भाग मादी फुलाच्या आत हलक्या हातानं फिरवा. वेळ महत्त्वाची. भोपळा, काकडी, कारली पहाटे उमलतात, तेव्हा सकाळी नऊच्या आत. दोडका, दुधी, पडवळ संध्याकाळी उमलतात, तेव्हा दिवेलागणीला. सकाळी जाऊन दोडक्याचं परागीभवन करणाऱ्याला यश येत नाही आणि तो वेलीला दोष देतो.

पायरी सहावी : माड, पोफळ आणि मिरवेल

घराबरोबर चार माड मिळालेले असतात आणि त्यांच्याकडे कुणी बघत नाही. वर मान करून बघा. नव्या चुडतांची (झावळ्यांची) पानं कात्रीनं पंख्यासारखी कापल्यागत दिसतात? गेंड्या भुंगा. तो कोंबात शिरतो, आणि वाढतो मात्र तुमच्याच शेणखताच्या खड्ड्यात. खड्डा दर दोन-तीन महिन्यांनी उलथा, पांढऱ्या जाड अळ्या कोंबड्यांना द्या, त्यात मेटारायझियम ही उपयुक्त बुरशी मिसळा. लहान माडांच्या वरच्या तीन पानांच्या बेचक्यात निंबोळी पेंड आणि वाळू सम प्रमाणात भरा. खोडावर तपकिरी चिकट रस गळतोय, भुसा बाहेर येतोय, आणि कान लावला तर आत कुरकुर ऐकू येते, तर सोंड्या भुंगा. त्यात माड जाऊ शकतो, म्हणून जाणकार माणूस त्याच दिवशी बोलवा. माडावर चढायला खाचा पाडू नका, सोंड्याला त्याच वाटेनं आत जाता येतं.

माडाखालच्या केळीची, हळदीची पानं काजळीनं काळी झाली, तर चुडताची खालची बाजू बघा. पांढऱ्या मेणाची चक्राकार नक्षी दिसेल. ही चक्राकार पांढरी माशी, भारतात ती २०१६ पासून आढळते. इथे मी कळकळीनं सांगते : रासायनिक कीटकनाशक मारू नका. तिला खाणारे, तिच्यावर वाढणारे मित्रकीटक आधी मरतात आणि माशी दुप्पट होते. लहान झाडं पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुवा, पिवळे चिकट सापळे लावा, आणि पानावरच्या काजळीवर पातळ पेज फवारा. वाळली की काजळी पापुद्र्यासारखी सुटते.

पोफळीची हिरवी सुपारी पावसाळ्यात गळते तो कोळेरोग. गळायला लागल्यावर धावपळ करून फारसं हाती लागत नाही. पाऊस सुरू होण्याआधी घोसांवर एक टक्का बोर्डो मिश्रण (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक, कृती शेवटच्या पायरीत), आणि साधारण ४० दिवसांनी उघडीप बघून पुन्हा. गळलेली सुपारी वेचून जाळा. मिरवेलीची (काळ्या मिरीच्या वेलीची) पानं भर पावसात पिवळी होऊन गळायला लागली तर बुंध्याशी पाणी साचतंय का ते बघा, आणि पावसाळ्यात वेलीभोवती खणू नका. तुटलेल्या मुळातूनच बुरशी आत जाते.

वांदरांबद्दल थोडंसं. फटाके, बुजगावणं, रंगीत फिती, सगळं आठवडाभर चालतं. जाळीचा बंदिस्त मांडव हा एकच टिकाऊ उपाय आहे, आणि तो खर्चिक आहे. मांडव परवडत नसेल तर उघड्यावर हळद, आलं, अळू, सुरण लावा. या पिकांना ती सहसा हात लावत नाहीत. विजेची तार कुंपणाला जोडण्याचा विचारही करू नका, त्यात माणसं मेली आहेत.

शेवटची पायरी : फवारणी, पण नीट

घरच्या बागेला दहा लिटर बोर्डो पुरतं. १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) रात्रभर पाच लिटर पाण्यात भिजवा. १०० ग्रॅम कळीचा चुना वेगळ्या पाच लिटर पाण्यात विरवून गाळून घ्या. दोन्हीसाठी प्लास्टिकच्या बादल्या, लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचं भांडं नाही. मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओता, उलट नाही, आणि लाकडानं ढवळत राहा. आकाशी रंगाचं दाट पाणी तयार होतं. त्यात स्वच्छ घासलेला लोखंडी खिळा मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद जास्त आहे, आणखी चुन्याचं पाणी घाला आणि पुन्हा खिळा बुडवून बघा. खिळा जसाच्या तसा बाहेर आला की मिश्रण तयार. ते त्याच दिवशी संपवायचं, उद्यासाठी ठेवायचं नाही. काढणीला आलेल्या पालेभाजीवर मारायचं नाही.

फवारल्यानंतर चार-पाच तास पाऊस पडला नाही तरच ते अंगी लागतं, तेव्हा आभाळ बघून हात घाला. फुलोऱ्यातल्या झाडावर सकाळी मधमाश्या असतात, म्हणून फवारणी संध्याकाळी. तोंडाला फडकं, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा. बाजारातलं कुठलंही औषध आणलंत तर फवारणी आणि काढणी यांत किती दिवसांचं अंतर हवं ते लेबलावर छापलेलं असतं, ते वाचा आणि वहीत लिहा. आधी चार पानांवर मारून दोन दिवस थांबा, मग सबंध झाडावर.

आणि हे सगळं करूनही झाड सावरलं नाही, तर फोटो पाठवताना नुसत्या पानाचा पाठवू नका. एक सबंध झाडाचा, एक पानाच्या खालच्या बाजूचा, एक खणून काढलेल्या मुळाचा, आणि सोबत वहीतलं गेल्या पंधरा दिवसांचं पान. मुळाचा फोटो असला की निम्म्या वेळा उत्तर त्यातच दिसतं.